पहिलाच मिनिएचर रंगवायचाय, रेझिनचा ड्वार्फ आहे. पावसात प्रायमर कसा मारू?

फासेवाली

नमस्कार मंडळी, या विषयातलं मला शून्य कळतं हे आधीच सांगते. आमचा पुण्यात डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळायचा ग्रुप आहे, बहुतेक रविवारी कुणाच्या तरी घरी बसतो. आत्तापर्यंत मिनिएचर (टेबलवर ठेवायची कॅरेक्टरची छोटी मूर्ती) म्हणून कॅरमच्या सोंगट्या, बाटल्यांची झाकणं, एकदा तर शेंगदाणे वापरलेत (ड्रॅगनने खायच्या आधी आमच्या रोगनेच, म्हणजे चोराचं कॅरेक्टर खेळणाऱ्यानेच, खाल्ले). आता ग्रुपमधल्या एकाने ओळखीच्या थ्रीडी प्रिंटरवाल्याकडून प्रत्येकाचं कॅरेक्टर छापून आणलंय, 32 मिमी स्केलचं, रेझिनमध्ये. माझी ड्वार्फ (बुटक्या, दणकट जमातीतली) क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण, आहे. पण मॉडेल मिळालं ते दाढीवाल्या ड्वार्फचं, तर आम्ही ठरवलं की आमच्या जगात ड्वार्फ बायकांनाही दाढी असते, प्रश्न मिटला. दाढीच्या दोन वेण्या, अंगात साखळ्यांचं चिलखत, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ढाल आणि ढालीवर हातोडा-ऐरण, म्हणजे ड्वार्फांचा देव मोराडिन याचं चिन्ह. इतकं बारीक काम आहे की हातात घेऊन बघतच बसले.

आता प्रश्न. घरात शाळेच्या वेळचे कॅमलचे पोस्टर कलर आहेत, आईचे फॅब्रिक पेंटिंगचे फेविक्रिल आहेत, ब्रश शून्य नंबरपासून चार नंबरपर्यंत. एवढ्यात होईल का काहीतरी नवीन घ्यावंच लागेल? व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण आधी प्रायमर (रंग धरावा म्हणून द्यायचा खालचा हात) मारा म्हणतो आणि तोही स्प्रेचा, पण इथे गेले कित्येक दिवस पाऊस उघडत नाहीये, बाल्कनीत कपडेसुद्धा वाळत नाहीत. प्रायमर नाहीच मारला तर काय बिघडतं? आणि डोळे! डोळा मोहरीएवढापण नाहीये हो. तो कोण कसा रंगवतं?

गणपतीनंतर नवीन मोहीम सुरू होतेय, तोपर्यंत टेबलवर ठेवण्याइतका झाला तरी पुष्कळ. बक्षीसबिक्षीस काही नकोय.

रंगारी_आळी

दाढीवाली ड्वार्फ बाई, आवडलं.

आधी पोस्टर कलर कपाटात परत ठेवा. ते वाळल्यावरसुद्धा पाण्याने सुटतात, म्हणजे दुसरा हात मारायला गेलात की पहिला उखडून येणार आणि खेळताना घामाचं बोट लागलं तरी रंग बोटाला येणार. ॲक्रिलिकच पाहिजे. फेविक्रिल चालेल, त्याबद्दल खाली लिहितो.

पण रंगाच्या आधी अंघोळ. रेझिनच्या प्रिंटला न जमलेल्या रेझिनचा चिकट थर राहिलेला असू शकतो. प्रिंटवाल्याला विचारा की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतलंय का आणि यूव्ही दिव्याखाली क्युअर, म्हणजे पक्कं, केलंय का. दोन्ही हो म्हणाला तरी एकदा कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन हलक्या हाताने घासून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. हाताला अजून चिकट लागत असेल तर मात्र उघड्या हाताने धरू नका, नायट्रिलचे हातमोजे घाला आणि त्यालाच परत करून द्यायला सांगा, कच्चं रेझिन कातडीला चांगलं नाही. काही लोक आठवडाभर उन्हात टाकून ठेवतात, तेही नको, जास्त क्युअर झालं की ठिसूळ होतं आणि हातोड्याचा दांडा पहिल्याच रविवारी तुटतो.

मग नीट उजेडात फिरवून बघा. छापताना जे टेकू लावलेले असतात त्यांचे बारीक टोचरे डाग राहतात, बहुतेक ढालीच्या मागे, कोपराखाली, दाढीच्या खालच्या बाजूला. आत्ता दिसत नाहीत पण रंग चढला की डोळ्यात खुपतात. हार्डवेअरवाल्याकडे वॉटर पेपर मागा, 400 आणि 600 नंबरचा, छोटा तुकडा पाण्यात भिजवून ओलाच घासा. कोरडं घासायचं नाही, रेझिनची भुकटी नाकात जाता कामा नये. कुठे खड्डा असेल तर एमसील, नळाला लावतो तोच. थोडा मळून ओल्या टाचणीने भरा. परदेशी पुट्टीची काही गरज नाही.

आता प्रायमर. नाही मारला तर काय होतं: ॲक्रिलिक गुळगुळीत रेझिनवर धरत नाही, थेंब थेंब होऊन मागे सरकतं, तुम्ही वैतागून जाड थर देता, चिलखताच्या साखळ्या बुजतात, आणि वर इतकं करून नखाने सालपट निघतं. त्यामुळे प्रायमर मारायचाच. पण स्प्रेच पाहिजे असं कुणी सांगितलं? या हवेत स्प्रे मारू नका असंच सांगेन. हवेत दमटपणा साधारण 65-70 टक्क्यांच्या वर गेला की स्प्रे पृष्ठभागावर रवाळ बसतो, तूप रवाळ छान असतं, ड्वार्फचा चेहरा नाही. आणि ते नंतर काढायचं म्हणजे सगळं घासून परत पहिल्यापासून. पुण्यात ऑगस्टमध्ये 70 च्या खाली हवा कधी असते ते मला पण सांगा.

ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो. वायेहो (Vallejo) कंपनीचा सरफेस प्रायमर आहे, ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन, ड्रॉपरची बाटली असते. दोन पातळ हात द्यायचे आणि मग एक अख्खा दिवस हात लावायचा नाही, हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. तो नाही मिळाला तर कलेच्या दुकानात गेसो (कॅनव्हासला रंगाआधी लावतात तो) मिळतो, थोडं पाणी घालून पातळ करा आणि चिलखतात साचलेला ब्रशच्या टोकाने उचलून घ्या. गेसो वाळताना आक्रसतो त्यामुळे लावल्यावर वाटतं तेवढं बारीक काम बुजत नाही. रंग काळा, पांढरा की करडा? तुमच्याकडे चिलखत भरपूर आहे, पण पहिल्यांदाच करताय तर करडा. पांढऱ्यात सुटलेली प्रत्येक जागा ओरडते आणि काळ्यात कुठे काय आहे तेच दिसत नाही.

नॉटिंगहॅमकर

रंगारींनी मुख्य ते सांगितलंच. मी जिथे राहतो तिथे वॉरहॅमर हा मिनिएचरचा युद्धखेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आहे त्यामुळे या छंदाच्या रोगाचा उगम घराजवळच, शनिवारी त्यांच्या वॉरहॅमर वर्ल्डला गेलं की काचेच्या कपाटातले डायोरामा (मिनिएचरचे मांडलेले देखावे) बघून आपले ब्रश नदीत फेकून द्यावेसे वाटतात. कंपनी 1975 ची, वॉरहॅमर आलं 1983 ला, आणि त्यांचे सिटाडेल रंग आता जगभर. पण मला सांगायचंय ते वेगळं.

2019 मध्ये त्यांनी कॉन्ट्रास्ट नावाचे रंग काढले. फिकट प्रायमरवर एकच हात मारायचा, रंग उंचवट्यावरून ओघळून खाचांमध्ये जाऊन बसतो, म्हणजे उंच भाग आपोआप उजळ आणि खोल भाग आपोआप गडद. मूळ रंग, सावली आणि थोडाफार उजाळा, तिन्ही कामं एका हातात. दाढी, फर, चामडं, कपड्याच्या चुण्या यांच्यावर तर जादू होते. आर्मी पेंटरचे स्पीडपेंट पण त्याच जातीचे, फक्त 2.0 लिहिलेलेच घ्या, आधीच्या आवृत्तीवर वरून ओला ब्रश फिरला की खालचा रंग परत जागा व्हायचा. वेळ कमी आहे, पहिलाच आहे, तर हे चार रंग घ्या आणि एका संध्याकाळी मोकळ्या व्हा. कातडीचा, तपकिरी, लालसर-नारिंगी दाढीला, आणि एक निळा किंवा हिरवा कपड्याला. वर चंदेरी.

ब्रशबद्दल पण लिहून टाकतो. सगळ्यांना वाटतं बारीक कामाला तीन शून्यवाला ब्रश पाहिजे. उलट आहे. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, मिनिएचरपर्यंत नेईस्तोवर टोकावरच वाळतो. एक नंबरचा गोल ब्रश, पोट भरलेलं आणि टोक सुईसारखं, हा एकटा नव्वद टक्के काम करतो. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज 7 चं नाव ऐकाल, कोलिन्स्की सेबलचे केस, सुंदर असतात पण पहिल्या मिनिएचरला घेऊ नका. चांगला सिंथेटिक घ्या, काही दिवसांनी त्याचं टोक हुकासारखं वाकेल, तेव्हा तो ड्राय ब्रशला (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवायला) काढायचा. रंग कधीही केसांच्या मुळाशी, पत्र्यापर्यंत चढू द्यायचा नाही, तिथे वाळला की केस फाकतात आणि ब्रश गेला.

काटकसर_बंडू

नॉटिंगहॅमकर साहेब, तुम्हाला खाली उतरलं की दुकान आहे हो. इथे एका इंपोर्टेड बाटलीच्या पैशात फेविक्रिलचा अख्खा सेट येतो, आणि तुम्ही चार बाटल्या अधिक चंदेरी अधिक प्रायमर सांगून मोकळे झालात, म्हणजे एका ड्वार्फसाठी त्याच्या स्वतःच्या खजिन्याएवढा खर्च. तिला अजून माहीतसुद्धा नाहीये की हा छंद आवडणार आहे की नाही.

ताई, मी सगळे फेविक्रिल आणि कॅमलच्या ट्यूबवर करतो. तोटे खरे आहेत, लपवत नाही: रंगाचा दाणा थोडा जाड असतो, पिवळा आणि लाल फार झिरझिरीत, तीन-चार हात लागतात, आणि फेविक्रिल वाळल्यावर किंचित चकाकतो. पण चकाकी शेवटी मॅट वार्निशने जाते. पिवळ्या-लालखाली आधी फिकट तपकिरी किंवा गुलाबीसर हात द्या, मग वरचा रंग पटकन झाकतो.

सगळी मेख पातळ करण्यात आहे. बाटलीतून थेट मिनिएचरवर कधीच नाही. थेंबभर रंग, त्यात ब्रशने पाणी, पातळ ताकाइतपत करायचा. मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा: रेघ जागेवर राहिली आणि नखाच्या बारीक उभ्या रेषा तिच्यातून दिसत राहिल्या तर बरोबर. नखावर पसरून कातडीत शिरला तर पाणी जास्त झालं, रेघ उंचवट्यासारखी उभी राहिली तर कमी. आणि मिनिएचरला लावायच्या आधी ब्रश एकदा टिश्यूला टेकवायचाच, नाहीतर पोटात साठलेलं पाणी भसकन चेहऱ्यावर. पहिला हात मारल्यावर फार घाण दिसेल, डाग डाग, खालचा करडा दिसतोय. तसाच दिसायला पाहिजे. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. बहुतेक नवे लोक पहिला हात अर्धवट ओला असताना त्यावर परत ब्रश घासतात आणि तो गोळा होऊन निघतो.

रंग वाळू नये म्हणून वेट पॅलेट घरी करा. झाकणाचा चपटा डबा, तळाला तीन-चार पदरी ओला टिश्यू, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर. मेणाचा कागद नको, त्यातून ओल वर येत नाही. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला. फार दिवस बंद ठेवू नका, पावसाळ्यात त्यात बुरशी धरते आणि वास असा येतो की घरचे छंदावरच बंदी घालतील.

कॉन्ट्रास्टबद्दल माझं मत: निकाल चांगला येतो पण हात तयार होत नाही. दुसऱ्या मिनिएचरला परत तिथेच.

नॉटिंगहॅमकर

बंडूशेठ, हात तयार व्हायला आधी माणूस दुसऱ्या मिनिएचरपर्यंत पोचला पाहिजे ना. निम्मे लोक पहिल्याच्या अर्ध्यात सोडतात. माझ्या ओळखीत करड्या प्लास्टिकच्या पेट्याच्या पेट्या पडून आहेत लोकांकडे, त्याला इथे शरमेचा ढीगच म्हणतात. बाकी नखाची युक्ती मस्त, ती मान्य.

आणि एक, कॉन्ट्रास्टला पाणी घालून पातळ करू नका, त्याचं मीडियम वेगळं मिळतं. पाण्याने डाग पडतात.

पेणचा_पाहुणा

डोळ्यांचा विषय निघालाय म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस. माझं आजोळ पेणचं. कॉलेजात असताना सुट्टीत मामांच्या ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात हाताखाली काम केलंय. तिथे कुणालाही पहिल्या दिवशी रंग देत नाहीत, आधी घासायला बसवतात, मग मूर्तीला पांढरा हात, तो वाळल्याशिवाय पुढचं काही नाही. वर रंगारींनी प्रायमरचं लिहिलंय ते वाचून हसू आलं, तेच आहे सगळं.

डोळ्यांची आखणी कारखान्यात सगळ्यात शेवटी होते आणि ती ठरलेला कारागीरच करतो, बाकीचे त्या मूर्तीला तोवर हातसुद्धा लावत नाहीत. मी मिनिएचरकडे वळलो तेव्हा सवयीने डोळे शेवटीच करायचो. पण इथे उलटं सोयीचं पडतं. मूर्तीचा डोळा मोठा, आखणाऱ्याचा हात बसलेला. इथे आपला हात बसलेला नाही, रंग बाहेर जाणारच. मग कातडीचा हात झाला की लगेच डोळे करून घ्यायचे आणि बाहेर गेलेलं कातडीच्या रंगाने आत ढकलून डोळ्याचा आकार नीट करायचा. चेहरा पुरा झाल्यावर डोळे करायला बसलं की एका थेंबात सगळ्या चेहऱ्याची वाट.

कृती सांगतो. डोळ्याच्या खाचेत आधी गडद तपकिरी, काळा नको, काळ्याने काजळ घातल्यासारखं दिसतं. त्यावर आडवी बारीक रेघ मळकट पांढऱ्याची, पांढऱ्यात कातडीचा रंग थेंबभर मिसळून. शुद्ध पांढरा लावला की ड्वार्फला भूत दिसल्यासारखे डोळे होतात. आजूबाजूला तपकिरी किंचित राहू द्या, तीच पापणी. मग बुबुळ. ठिपका द्यायला जाऊ नका, ठिपका कधी मध्ये बसत नाही, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी छोटी रेघ ओढा. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूला थोडी सरकवलेली असली तर उत्तम, बाजूला बघतोय असं वाटतं. अगदी मधोमध करायला गेलात की एक तरी डोळा तिरळा होणार.

बसायची पद्धत महत्त्वाची. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली, म्हणजे हात थरथरला तरी मिनिएचर आणि ब्रश एकत्रच थरथरतात. मिनिएचर हातात धरू नका, औषधाच्या बाटलीच्या झाकणावर डबल साइड टेपने चिकटवा आणि बाटली धरा. श्वास सोडला की मग रेघ. कारखान्यातले काका आखणीच्या वेळी कुणाला बोलूही द्यायचे नाहीत, पंखाही बंद.

आणि एवढं करून नाही जमलं तर? तुमच्या ड्वार्फच्या भुवया जाड असतील, शिरस्त्राण पण असेल. खाचेत गडद तपकिरी वॉश (खाचांत जाऊन बसणारा अगदी पातळ रंग) सोडा आणि तिथेच थांबा. हातभर अंतरावरून टेबलावर सावलीतले डोळेच वाटतील. 32 मिमीला डोळे न काढलेले बरे, वाईट काढलेले नकोत.

फासेवाली

बापरे, एवढं सगळं! खूप धन्यवाद सगळ्यांना. प्रिंटवाल्याला विचारलं, धुतलंय आणि क्युअरही केलंय म्हणाला, तरी साबणाने घासला. टेकूंचे डाग खरंच दाढीखाली निघाले, वॉटर पेपर आणलाय. आईला एमसील कशाला पाहिजे विचारलं तर ती म्हणाली नळ गळतोय का.

गेसो मिळाला, तोच वापरते. रंग फेविक्रिलचेच घेणार, बंडू जिंकले, पण चंदेरी मात्र चांगला घेऊ का? फेविक्रिलचा चंदेरी लावून बघितला कागदावर, त्यात चकमकीचे कण मोठे दिसतात. आणि वॉश वॉश सगळे म्हणताय तो घरी होतो का? कुठून सुरू करायचं तेही सांगा, चेहरा आधी की चिलखत? दाढीसाठी खास विचारतेय कारण दाढीच सगळ्यात मोठी आहे, तिच्यावरच सगळ्यांचं लक्ष जाणार.

रंगारी_आळी

चंदेरीवर पैसे घाला, ती एकच बाटली मिनिएचरसाठीची घ्या. बाकीच्या रंगांत स्वस्त आणि महागात जेवढा फरक नाही तेवढा धातूच्या रंगात आहे, कण बारीक पाहिजेत नाहीतर साखळ्यांऐवजी चमकी दिसते. धातूच्या रंगाला पाण्याचा पेला वेगळा ठेवा, नाहीतर चमकीचे कण दाढीत आणि नाकावर जातात आणि ते शेवटपर्यंत निघत नाहीत.

क्रम असा ठेवा की जे घाण करतं ते आधी. चिलखत पहिलं, कारण ते ड्राय ब्रशने करायचं आणि ड्राय ब्रश शेजारी सांडतोच. चिलखताला काळा हात. वाळला की जुना, टोक गेलेला ब्रश किंवा मेकअपचा मऊ गोल ब्रश घ्या, त्याला चंदेरी लावा आणि टिश्यूवर पुसा, पुसा, अजून पुसा, आता रंग संपला असं वाटेपर्यंत. मग हाताच्या मागच्या बाजूला फिरवून बघा, कातडीच्या फक्त उंच रेषा चमकल्या तर तयार. तो चिलखतावर हलका झाडल्यासारखा फिरवायचा, आडव्या कड्यांना उभा. कड्या उजळतात, मधल्या फटी काळ्याच राहतात, पाच मिनिटांत अशी साखळी दिसते की तुमचा स्वतःचाच विश्वास बसणार नाही.

मग चेहरा-हात, लगेच डोळे (पाहुण्यांनी सांगितलं तसे), मग कपडे, चामड्याचे पट्टे, बूट, मग दाढी, शेवटी ढाल.

वॉश घरी होतो. एक भाग गडद तपकिरी रंग, दोन-तीन भाग मॅट मीडियम (ॲक्रिलिकमध्ये मिसळायचं बिनरंगी, न चकाकणारं द्रव), आणि पाणी घालत घालत इतका पातळ की पांढऱ्या बशीत बशीचा तळ दिसला पाहिजे. नुसतं पाणी घालून केलेला वॉश सपाट भागावर वाळताना कडेला चहाच्या कपासारखं वर्तुळ सोडतो, मीडियम असलं की तो एकसारखा बसतो. काळा वॉश पण असाच, तो चिलखतावर, पण थोडासाच.

आता दाढी. कोणत्या रंगाची करताय ते नाही लिहिलंत, मी तांबूस धरतो. नारिंगीत तपकिरी मिसळून दोन पातळ हात, वेण्यांच्या आत, हनुवटीखाली, सगळीकडे. चांगला वाळू द्या. मग तपकिरी वॉश भरपूर, सैल हाताने, पण एका वेळी एकच वेणी. वॉश लावला की लगेच ती जागा बघत राहायची: वेणीच्या खालच्या टोकाला आणि जिथे वेणी चिलखताला टेकते तिथे थेंब साचतो. ब्रश पाण्यात धुवा, टिश्यूला टिपा आणि त्या थेंबाला नुसता टेकवा, ब्रश तो शोषून घेतो. हे न करता गेलात तर तिथे वाळून काळा डबका होतो. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे हेअर ड्रायर घेऊन घाई न करता, मूळ रंगात पिवळट मातकट रंग मिसळून ड्राय ब्रश, केसांच्या दिशेला आडवा. शेवटी एक नंबरच्या ब्रशने, त्याहून थोड्या फिकट रंगाने, मिशीवर आणि वेणीच्या पीळाच्या प्रत्येक वरच्या उंचवट्यावर एक एक बारीक रेघ. सगळ्या केसांवर नाही, जिथे वरून उजेड पडतो तेवढ्याच. वेण्या बांधलेल्या कड्यांना सोनेरी ठिपका. लोक तिथेच बघणार आणि बाकीच्या चुका कुणाला दिसणार नाहीत.

दिवा पांढऱ्या उजेडाचा घ्या, पिवळ्या बल्बखाली तांबूस आणि तपकिरी सारखेच दिसतात.

खोडसाळ_गोब्लिन

तिच्या डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) सांगायला पाहिजे, एवढं रंगवलेलं कॅरेक्टर मारलंस तर पाप लागेल. आमच्याकडे उलटा अनुभव, रंगवलेला मिनिएचर पहिल्याच सेशनला मरतो, न रंगवलेली सोंगटी वीसाव्या लेव्हलपर्यंत जाते.

काटकसर_बंडू

मॅट मीडियम कॅमलचं बघा कलेच्या दुकानात. आणि बोअरचं पाणी असेल तर रंगात ते घालू नका, फिल्टरचं वापरा, जड पाण्याचा पांढरा थर काळ्या चिलखतावर लगेच दिसतो.

ब्रश जिभेने टोकदार करायची सवय लावून घेऊ नका, व्हिडिओत बरेच जण करतात. ट्यूबच्या काही रंगांत कॅडमियम असतं. ओठाला लावण्यापेक्षा तळहातावर फिरवा.

फासेवाली

चिलखत झालं!! खरंच विश्वास बसत नाहीये, धाकटा भाऊ येऊन म्हणाला हे धातूचं आहे का. डोळे पाहुण्यांच्या पद्धतीने उभी रेघ देऊन केले, उजवा छान आलाय, डावा शिरस्त्राणाच्या सावलीत आहे असं समजा. दाढी तांबूसच, वॉश देऊन वाळतेय.

आता दोनच गोष्टी राहिल्या. कपड्याचा निळा हात फार चकाकतोय, प्लास्टिकच्या खेळण्यासारखा, हे वार्निशने खरंच जातं का आणि वार्निश पण स्प्रेचं असेल तर पावसाचा परत तोच प्रश्न? आणि खालची चकती. नुसती काळी ठेवू की काही करू? डोंगराळ भागातली मोहीम आहे.

पेणचा_पाहुणा

डोळ्याचं ऐकून बरं वाटलं. डाव्याला परत हात लावू नका.

रंगारी_आळी

चकाकी जाते. स्प्रेचं मॅट वार्निश दमट हवेत पांढुरकं, धुकट पडतं, आणि तेव्हा सगळं काम झालेलं असतं त्यामुळे जीव जास्त जातो. ब्रशने लावायचं ॲक्रिलिक मॅट वार्निश घ्या. बाटली चांगली हलवा, मॅट करणारा भाग तळाशी बसलेला असतो, न हलवता लावलं तर उलट चकचकीत होतं, आणि लोक म्हणतात वार्निश खराब निघालं. दोन पातळ हात, बुडबुडे येऊ देऊ नका, चिलखताच्या फटीत साचलं तर लगेच उचला. चिलखत आणि हातोड्यावर मॅट नको वाटलं तर शेवटी त्यांच्या कडांवर परत थोडा चंदेरी फिरवा. खेळताना सारखं हाताळणार असाल तर वार्निश टाळू नका, नाक आणि हातोड्याची टोकं सगळ्यात आधी झिजतात.

चकतीला फेविकॉल लावा, त्यात चाळलेली वाळू आणि दोन-तीन बारीक खडे, कुंडीतले चालतील, आधी धुऊन वाळवून घ्या. पायाजवळ काडीने नीट सारखं करा, बुटावर वाळू चढली तर चिखलात रुतल्यासारखा दिसतो. रात्रभर वाळू द्या. मग वरून पातळ फेविकॉलचं पाणी एकदा, म्हणजे खेळताना वाळू गळत नाही. गडद तपकिरी-करडा हात, काळा वॉश, फिकट करड्याचा ड्राय ब्रश. आणि चकतीची उभी कड मात्र स्वच्छ काळी करा, दोन हात. एवढ्यानेच अर्धवट वाटणारं काम पुरं वाटायला लागतं, का ते मला विचारू नका.

हे सगळं वार्निशच्या आधी करा, म्हणजे वार्निश एकदाच होईल.

नॉटिंगहॅमकर

वाळलेली, वापरलेली चहा पावडर पण टाकता येते, पालापाचोळ्यासारखी दिसते. पण ती पूर्ण कोरडी करा आणि वरून फेविकॉलचं पाणी द्या, तुमच्याकडच्या हवेत नाहीतर बुरशी धरेल. डोंगराळ असेल तर बुचाचा तुकडा हाताने तोडून लावला की कडा अगदी खडकासारख्या येतात, सुरीने कापू नका.

ढालीवरची ऐरण कशी करताय? सपाट सोनेरी करू नका, आधी तपकिरी हात देऊन त्यावर सोनेरी, नाहीतर झाकतच नाही.

फासेवाली

तपकिरी देऊन ठेवलाय, सोनेरी उद्या. बूच मिळालं, वाळू सोसायटीत काम चालू आहे तिथून मूठभर मागून आणली, वॉचमन काकांनी कशाला म्हणून विचारलं तर काय सांगावं कळेना, झाडाला म्हटलं.

ग्रुपमधल्या रोगवाल्याने फोटो बघून त्याचा मिनिएचर माझ्याकडे पाठवून दिलाय. त्याच्या अंगावर नुसता काळा झगा आहे, पायापर्यंत. अख्खा काळा कपडा रंगवायचा कसा, काळ्यावर सावली कशी दिसणार?

काटकसर_बंडू

काळा लावूच नका. गडद निळ्यात किंवा गडद तपकिरीत काळा मिसळून मूळ हात द्या, शुद्ध काळा फक्त चुण्यांच्या आत, आणि चुण्यांच्या कडांवर करडा-निळा अगदी बारीक. गुळगुळीत झग्यावर ड्राय ब्रश नको, खडूसारखं दिसेल, कडेने ब्रशची बाजू फिरवा. आणि त्याच्याकडून रंगाचे पैसे घ्या.